मी लिहिलेलं संमतिपत्र

एका रविवारी सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, आज येऊ का? तुमच्याकडून थोडं मराठी तपासून घ्यायचंय."

मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत, रक्तातली साखर सोडली, तर माझ्याकडून कोणी काहीही तपासून घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "ये की. जेवायलाच ये."

शाळेत असताना ही मुलगी मराठीत जेमतेम पास व्हायची. विज्ञानात मात्र हुशार. आता ती मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आहे. तिथे नव्या औषधांचे अभ्यास चालतात, त्यांचे पेशंट, तारखा आणि कागदपत्रं सांभाळणं हे तिचं काम. सकाळच्या बोटीने ती मांडव्याला उतरली आणि दहाच्या सुमारास दारात हजर झाली. पिशवीतून तिने नऊ पानं काढून माझ्यापुढे ठेवली.

मधुमेह असलेल्यांच्या पायाच्या जखमा लवकर भरत नाहीत, त्यासाठी एका नव्या जेलचा अभ्यास सुरू व्हायचा होता. भाग घेणाऱ्या पेशंटला सगळं समजावून सांगून त्याची सही घ्यायची, त्यासाठी हे संमतिपत्र. इंग्रजीवरून त्याचं मराठी कॉम्प्युटरने केलं होतं.

मी चष्मा लावला. पहिल्याच पानावर होतं, "आपणास दोनपैकी एका हाताला नेमले जाईल." पुढच्या पानावर, "अभ्यासादरम्यान विषयाचा मृत्यू झाल्यास नातेवाईकांना कळविले जाईल."

"हा विषय कोण?" मी विचारलं.

"पेशंट, बाई. इंग्रजीत त्याला सब्जेक्ट म्हणतात."

"आणि हात?"

"हात म्हणजे गट. दोन गट करतात ना."

आमचे हे बाजूला बसून पेपर वाचत होते. ह्यांची सगळी नोकरी एसटीत कंट्रोलर म्हणून स्टँडवर गेली. माइकवरून गाड्या पुकारून पुकारून आवाज असा झालाय की घरातलं बोलणं रस्त्यावर ऐकू जातं. "विषय मेल्यावर नातेवाईकांना कशाला कळवायचं?" हे म्हणाले. "मराठी विषय मेला तेव्हा कुणी कळवलं होतं?"

मग त्या मुलीने मला ते जेल समजावून दिलं. फालुद्यातला सब्जा भिजला की त्याच्याभोवती कसा बुळबुळीत फुगीर थर येतो, तसं ते. बहुतेक पाणीच, पण धरून ठेवलेलं. त्याने जखम कोरडी पडत नाही आणि नव्या कातडीच्या पेशींना सरकायला, वाढायला जागा मिळते. त्यात चांदीचे कण मिसळलेले, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाहीत इतके बारीक. त्यांतून चांदी हळूहळू सुटते आणि जखमेतले जंतू मारते. नेहमीच्या औषधांना जंतू सरावत चाललेत, म्हणून हा चांदीचा खटाटोप.

"एका गटाला चांदीचं जेल," ती म्हणाली, "आणि दुसऱ्याला तेच, पण बिनचांदीचं. कोणाला कुठलं ते कॉम्प्युटर ठरवणार. पेशंटला कळणार नाही, डॉक्टरलाही कळणार नाही."

"डॉक्टरला का नाही?"

"कळलं की माणसाला जे बघायचं असतं तेच दिसायला लागतं, बाई."

मी सहा दिवस त्या नऊ पानांना बसले. "विषय" काढून सगळीकडे "आपण" केलं. "हाताला नेमणे" काढून "चिठ्ठ्या टाकून ठरवतात तसे ठरवले जाईल" असं लिहिलं. जेल म्हणजे काय हे सांगायला मी परसातल्या पडवळाचा मांडव घेतला. "मांडव वेल वाढवत नाही. वेल आपली आपण वाढते, मांडव तिला चढायला आधार देतो. हे जेल म्हणजे आपल्या नव्या कातडीचा मांडव, आणि चांदीचे कण वेलीला कीड लागू देत नाहीत." हे लिहून झाल्यावर मी उठून स्वतःसाठी चहा केला, इतकं ते मला आवडलं.

शेवटी पेशंटच्या मनात येणाऱ्या प्रश्नांचं एक पान होतं. त्यात चौथा प्रश्न होता, "मला चांदीचे जेल मिळेल का?" मी त्या मुलीला फोन करून म्हटलं, "हा काढून टाक. ज्याने आधीची पानं वाचली तो असा प्रश्न कशाला विचारेल?" ती म्हणाली, "बाई, तेवढा राहू दे."

हॉस्पिटलात एक समिती असते. पेशंटवर अन्याय होऊ नये हे ती बघते. माझं मराठी त्या समितीने दुसऱ्या कोणाला तरी परत इंग्रजीत करायला दिलं, मूळ अर्थ शाबूत आहे की नाही ते पाहायला. पद्धत चांगलीच आहे. फक्त त्या गृहस्थांनी मांडवाचा लग्नमंडप केला आणि चिठ्ठ्यांची पत्रं. समितीने लेखी विचारलं, या उपचाराचा विवाह समारंभाशी काय संबंध, आणि पेशंटना पत्रं कोण पाठवणार?

तीनदा कागद गेले आणि आले. शेवटी मांडव गेला, चिठ्ठ्या गेल्या, त्यांच्या जागी "यादृच्छिक पद्धतीने" येऊन बसलं. "आपणास कोणते जेल मिळाले हे आपणास सांगितले जाणार नाही" हे वाक्य एका सदस्यांना तुरुंगाबद्दलचं वाटलं, म्हणून जेलच्या आधी सगळीकडे "हायड्रो" लागलं. पेशंटचा "आपण" झाला तो मात्र टिकला. तेवढ्यावर मी समाधान मानलं आणि नऊ पानांची एक प्रत कपाटात जपून ठेवली.

यानंतर आठ महिन्यांनी मी अलिबागला एका बाईंच्या निरोप समारंभाला गेले. येताना सहा आसनी रिक्षात मागे जागा नव्हती, म्हणून पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. चप्पल काढली आणि पाय इंजिनाच्या पत्र्याला टेकवून आरामात घरापर्यंत आले. दहा-बारा वर्षांच्या साखरेने पायाची जाणीव कमी झाली होती, हे मला ठाऊक होतं, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाय तसा जडच वाटायचा, मी ते वयावर घालत होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फरशीकडे बघून विचारलं, "अगं, हे काय सांडलंय?"

"पाणी असेल."

"पाणी तांबडं असतं?"

स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत माझ्या पावलाचे ठसे उमटले होते. अंगठ्याखाली इंजिनाच्या पत्र्याने भाजून मोठा फोड येऊन फुटला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दुखलंच नाही, तर कळणार कसं?

गावच्या आरोग्य केंद्रात सिस्टरने ड्रेसिंग सुरू केलं. अलिबागच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि म्हणाले, "पायावर भार देऊ नका." मी हो म्हटलं आणि घरी येऊन ओट्यापाशी उभी राहून तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. दोन महिने असंच चाललं. जखम रुपयाएवढी होती ती तेवढीच राहिली, आणि तिच्या कडा पांढऱ्या पडायला लागल्या.

माझ्या विद्यार्थिनीला ते कुठून तरी कळलं. फोनवर ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग म्हणाली, "बाई, कसं सांगू, तुम्ही आमच्या अभ्यासात बसता. पण मी तुम्हाला समजावणार नाही हं, आमच्या दुसऱ्या मॅडम समजावतील. मी ओळखीची पडले, तुम्ही नाही म्हणायला संकोचाल."

मग मी आणि हे मांडव्याहून बोटीने मुंबईला गेलो. हॉस्पिटलच्या एका लहान खोलीत समोर कॅमेरा लावला होता, कारण पेशंटला सगळं नीट सांगितलं याचा पुरावा ठेवावा लागतो. त्या मॅडम चाळिशीच्या, बोलण्यात सोलापूरकडचा हेल. त्यांनी कागद उघडला आणि वाचायला सुरुवात केली. माझेच शब्द, माझ्याच पायाबद्दल.

मी ऐकत होते, पण काही आत शिरत नव्हतं. वाक्यं फार लांब होती. एवढं लांब वाक्य मी नववीच्या मुलांना लिहू दिलं नसतं. "जखम वाढल्यास बोट अथवा पायाचा काही भाग काढावा लागू शकतो" हे वाक्य आलं तेव्हा मी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. हेच वाक्य लिहिताना मी "अथवा" ठेवावं की "किंवा" यावर अर्धी दुपार घालवली होती.

"मावशी, काही विचारायचंय?" मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, "मला चांदीचं जेल मिळेल का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मॅडमनी शांतपणे पान उलटलं. "हे बघा, हा प्रश्न इथे छापलेलाच आहे. सगळेच विचारतात." मग त्यांनी कागद बाजूला ठेवला. "मॅचला टॉस होतो ना, तसं आहे मावशी. टॉस कॉम्प्युटर उडवणार. काय पडलं ते तुम्हाला दिसणार नाही, मला नाही, डॉक्टरांना नाही. दोन्ही नळ्या दिसायला सारख्या. पण कुठलीही मिळाली तरी तुमची जखम दर आठवड्याला आम्ही बघणार, आणि तुम्हाला नको वाटलं तर कधीही घरी जायचं, कारण सांगायचं नाही."

एवढंच होतं. नऊ पानांत मी जे लिहिलं होतं ते एवढंच होतं, आणि टॉस हा शब्द मला सहा दिवसांत सुचला नव्हता.

मी पेन उचललं. सहीच्या वर छापलेलं होतं, "मी ही माहिती पुर्ण वाचली आहे." पू ऱ्हस्व. टाइप करताना कोणीतरी केलेली चूक. माझा हात थांबेना, मी तो दीर्घ केला आणि मग सही केली. मॅडम कॅमेऱ्याकडे बघून हताशपणे म्हणाल्या, "अहो मावशी! यावर खाडाखोड चालत नाही." नवा कागद आला, पुन्हा पहिल्यापासून नऊ पानं वाचली गेली, पुन्हा कॅमेरा. दुसऱ्यांदा मी ऱ्हस्व पूखाली मुकाट्याने सही केली.

तेव्हापासून दर बुधवारी मुंबई. सिस्टर पट्टी सोडायच्या, जखमेशेजारी कागदाची मोजपट्टी धरून फोटो काढायच्या. मला पुढच्या बाजूने उंच, बेढब असा एक बूट दिला होता, म्हणजे त्या जागेवर भार येणार नाही. आहाराच्या बाईंनी माझ्या भाताची वाटी स्वतः मापून दाखवली. घरी पाय उशीवर ठेवून बसायचं. न बसून सांगते कोणाला, मोजपट्टीपुढे खोटं बोलता येत नव्हतं.

स्वयंपाक ह्यांच्याकडे गेला. ह्यांच्या भाकरीला कोपरे असत. एक दिवसाआड ड्रेसिंगही हेच करायचे, हात साबणाने धुऊन, पुस्तिकेत लिहिलं होतं त्या क्रमाने, एकेक पायरी मोठ्याने पुकारत. पण नळीतलं जेल बोटभर बाहेर आलं की ते उजेडात धरल्याशिवाय हे पुढे जात नसत.

"बघ, चमकतंय. चांदीच आहे."

"ओलं आहे म्हणून चमकतंय."

"तुला काय कळतंय? मी बघतोय ना."

एकदा त्यांनी थोडं स्टीलच्या ताटलीवर घासून पाहिलं आणि करडा डाग पडला असं जाहीर केलं. ताटली मुळातच करडी होती. तिथून पुढे शंकाच उरली नाही. वाण्याकडे, स्टँडवर, लग्नात, जिथे कोणी माझी चौकशी करील तिथे ह्यांचा तो माइकचा आवाज लागायचा, "चांदी लावतोय हिला. मुंबईचं नवीन औषध. चांदीने जखम भरते!" मी दोनदा सांगून बघितलं की आपल्याला माहीत नाही. हे म्हणाले, "तुला माहीत नाही, मला आहे." खरं सांगायचं तर मला ते ऐकायला बरं वाटत होतं. मलाही चांदीच हवी होती.

जखम भरत गेली. आधी तळाशी लालसर दाणेदार मांस आलं, मग कडेने गुलाबी कातडी आत सरकू लागली. चार महिन्यांनी सिस्टरने मोजपट्टी धरली आणि म्हणाल्या, "आता काय मोजू?" परतीच्या बोटीवर ह्यांनी समोर बसलेल्या अनोळखी कुटुंबाला चांदीची सगळी हकिगत सांगितली.

अभ्यास संपल्यावर कोणाला काय मिळालं ते उघड करतात. विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, तुम्हाला कळवायचं होतं. तुमचं साधं होतं. बिनचांदीचं."

"नक्की?"

"नक्की."

"मग चांदीवाल्यांचं काय झालं?"

"आकडे अजून तपासतायत. एवढ्यात काही सांगता येणार नाही."

जखम भरलेली, पाय शाबूत, आणि तरी मला कोणीतरी फसवल्यासारखा राग आला. फसवलं कोणी, तर मीच, तिसऱ्या पानावर, शुद्ध मराठीत. ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी ती स्टीलची ताटली काढून पुन्हा उजेडात धरली. मग म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक असेल." आणि थोड्या वेळाने, "लोकांनी विचारलं तर सांगू." भरलेल्या जखमेबद्दल लोक कशाला विचारतात?

पुढे दीडेक महिन्याने एका दुपारी आतल्या बाजूच्या गावातला एक माणूस बायकोच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आमच्या अंगणात आला. पन्नाशीचा असेल. थोडी भातशेती, बाकीचे दिवस कंपनीत कंत्राटी काम.

"बाई, तुमच्याकडं चांदीचं औषद हाय म्हनं," तो म्हणाला. "आमची चांदी काय पुरी पडत न्हाय."

"आमची चांदी म्हणजे?"

तो पायरीवर बसला आणि पायाचं फडकं सोडू लागला. वास आधी आला. करंगळीपाशी जखम होती, आणि जखमेवर, चिंधीने घट्ट आवळून, लक्ष्मीचं चित्र असलेलं एक चांदीचं नाणं बांधलेलं होतं. करंगळी काळी पडली होती.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडं," त्याची बायको म्हणाली. "दवाखान्यात जात व्हते, मंग ह्ये म्हनाले, चांदीनं भरतं."

"कंट्रोलर साहेबांनीच मागं सांगितलंन स्टँडवर," तो म्हणाला. "डोळ्यांना दिसत न्हाय येवड्या चांदीनं बाईंचा पाय बरा झाला. मंग आख्खं नाणं लावलं तर किती बरा व्हईल?"

हे दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी खाली त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "माझ्या औषधात चांदी नव्हती."

"न्हाय?"

"नाही. आम्हालाच आधी ठाऊक नव्हतं. नंतर कळलं. आणि ज्यात असते ती अशी नाण्यासारखी नसते, नाण्याने जखमेची घाण आत कोंडून राहते. तुम्हाला साखर आहे का?"

"हाय, बारकीशी."

"मंग तुमचा पाय बरा कसा झाला?" त्याच्या बायकोने विचारलं.

मी तिला सांगितलं. पाय वर ठेवून बसले, खाणं मोजून खाल्लं, गोळ्या चुकवल्या नाहीत, ह्यांनी जखम धुतली, आणि दर आठवड्याला कोणीतरी ती बघत होतं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता.

"येवडंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

बाईंना चांदी द्यायची नाहीये असं त्याला वाटलं, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी आणखी काही बोलणार एवढ्यात हे आत गेले, स्कूटरची चावी घेऊन आले आणि त्याला म्हणाले, "चला. बसा मागे." हळू आवाजात. मी आणि त्याची बायको रिक्षाने मागून गेलो. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने पाय बघितला आणि हात लावायच्या आधी अलिबागच्या सरकारी दवाखान्यात फोन केला.

त्याची करंगळी काढावी लागली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं.

पुढे दोन महिने हे त्याला आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून ड्रेसिंगला नेत होते. मी एकदाही म्हटलं नाही की तुमच्यामुळे. म्हणायला गेले असते तर मला स्वतःलाही त्यात धरावं लागलं असतं, कारण ते स्टँडवर चांदी पुकारत होते तेव्हा मी शेजारी उभी राहून संकोचाने हसत होते.

मग एका बाजाराच्या दिवशी आम्ही स्टँडवर होतो. कोणीतरी ह्यांना विचारलं, "काय कंट्रोलर साहेब, वहिनींचा पाय चांदीने बरा झाला ना?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि तो जुना आवाज लावला. सगळा स्टँड ऐकत होता. "चांदीने नाही! चांदी नव्हतीच. साखर आटोक्यात ठेवली, जखम दिवसाआड दवाखान्याच्या पद्धतीने साफ केली, आणि ही चार महिने पाय वर करून बसून राहिली. म्हणून बरा झाला."

भाजीची टोपली घेऊन उभ्या असलेल्या एका म्हातारीने ते लक्षपूर्वक ऐकलं. मग ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बसायचं ते कशावर, बाई? खुर्चीवर, का पाटावर?"